तारेला लावलेला कान

बाल्टिमोर शहरात वेस्ट फेएट नावाचा एक रस्ता आहे. ग्रीन स्ट्रीट त्याला जिथे छेदतो तिथे वेस्टमिन्स्टरची जुनी दफनभूमी लागते, आणि फाटकातून आत शिरताच एडगर ॲलन पोची संगमरवरी समाधी दिसते. तिथून तोच रस्ता धरून पश्चिमेला चालू लागले की दोनेक किलोमीटरवर मनरो स्ट्रीटचा नाका येतो. विटांची चिंचोळी जोडघरे, त्यांतल्या कित्येकांच्या दारा-खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. १९९३ साली या नाक्यावर एक बातमीदार आणि एक माजी पोलीस येऊन बसू लागले. गर्द विकणारी पोरे, विकत घेणारे गर्दुल्ले, त्यांच्या आया, त्यांची पोरेबाळे, सगळ्यांचे बोलणे ते वर्षभर ऐकत राहिले. त्या ऐकण्यातून पुढे 'द वायर' ही मालिका उभी राहिली. २ जून २००२ रोजी ती एचबीओवर सुरू झाली आणि ९ मार्च २००८ रोजी, पाच पर्वे आणि ६० भाग पुरे करून संपली. हेरकथेच्या जनकाची समाधी आणि त्या कथेला उलटी करून झटकणाऱ्या मालिकेचा नाका एकाच रस्त्यावर असावेत, हा योगायोगच. मधली १६० वर्षे मात्र योगायोगाने ओलांडली गेलेली नाहीत. ती वाट आपण सावकाश चालून पाहू.

पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा एप्रिल १८४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये छापून आली. तिच्यातला द्युपँ गुन्ह्याचा छडा लावतो तेव्हा पोलिसांत हेर असा वेगळा पेशा जवळपास नव्हताच. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तपासाची स्वतंत्र तुकडी निघाली ती पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये. म्हणजे लंडनपुरता तरी हेर वाङ्मयात आधी जन्मला आणि सरकारी पगारावर मागून लागला. हा द्युपँ पॅरिसमधला, घराणे मोठे पण खिसा रिकामा, दिवसा खिडक्या लावून मेणबत्तीच्या उजेडात वाचत बसणारा. शहर त्याला कोड्यासारखे दिसते. ते सोडवायला वर्तमानपत्र आणि तल्लख डोके पुरते. गल्लीतल्या माणसांशी बोलत बसण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. खुद्द पोचा शेवट मात्र गल्लीतच झाला. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, ऐन मतदानाच्या दिवशी, तो बाल्टिमोरमधल्या एका गुत्त्यात भ्रमिष्ट अवस्थेत सापडला आणि चार दिवसांनी वारला. त्याचे नेमके काय झाले याची उकल आजतागायत झालेली नाही.

गल्लीत उतरण्याचे काम चार्ल्स डिकन्सने केले. बातमीदारीत मुरलेला हा गृहस्थ १८५१ मध्ये इन्स्पेक्टर फील्ड या अधिकाऱ्याच्या मागोमाग रात्रभर लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीत हिंडला आणि जूनमध्ये त्याचा वृत्तान्त त्याने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' साप्ताहिकात छापला. कोंदट तळघरात फील्डच्या कंदिलाचा झोत पडतो, दाटीवाटीने निजलेली माणसे डोळे चोळत उठतात आणि लेखक हे सगळे त्याच्या पाठीमागून पाहतो. पोलिसाच्या खांद्यावरून पाहणारा लेखक ही आपल्या गोष्टीतली पहिली मोठी मूर्ती. पुढच्याच वर्षी 'ब्लीक हाउस' सुरू झाली आणि तिच्यात इन्स्पेक्टर बकेट अवतरला. १८६९ मध्ये डिकन्स अमेरिकन प्रकाशक जेम्स फील्ड्‌सला घेऊन, पुन्हा पोलिसांच्याच सोबतीने, शॅडवेलमधल्या अफूच्या अड्ड्यावर गेला. त्याची शेवटची, अपुरी राहिलेली कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' १८७० मध्ये अशाच अड्ड्यात उघडते: मोडकी खाट, धूर, आणि आडवे पडलेले तिघे, एक चिनी, एक लस्कर आणि एक झिजलेली बाई.

त्या लस्कराजवळ आपण क्षणभर थांबू, कारण तो आपल्याकडचा असू शकतो. लस्कर म्हणजे विलायती बोटींवरचा हिंदुस्थानी खलाशी, आणि रत्नागिरीच्या खाड्यांवरून अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर चढत आली. अफूचेही तसेच. माळव्याचे पीक उज्जैन-इंदूरकडून पश्चिम किनाऱ्याला येई, कंपनीचा परवाना घेऊन मुंबईला नाहीतर चुकवून दमणला, आणि तिथून चीनकडे जाई. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्या प्रांतातून जाणारी ही चोरवाट बंद झाली आणि सगळा ओघ मुंबईच्या गोदीकडे वळला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या या व्यापाराचा वाटा मोठा होता. त्या संपत्तीतूनच मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली. बाल्टिमोरचेही चीनशी नाते जुने. १७८५ मध्ये जॉन ओ'डॉनेलचे 'पॅलस' हे जहाज कँटनचा माल भरून बाल्टिमोरच्या बंदरात लागले. जहाजावरच्या खलाशांत हिंदुस्थानी आणि चिनीही होते. ओ'डॉनेलने बंदराकाठी जमीन घेऊन तिचे नावच कँटन ठेवले, आणि शहराचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. माल विकणारा शेठ आणि ओढणारा बदफैली, ही वाटणी त्या काळी कोणाला खटकत नव्हती.

माल गुन्ह्याचा झाला तो कायद्याने. अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू आणि कोकेन सरकारी नोंदणीखाली आणले आणि बघता बघता वैद्याचा रोगी पोलिसांचे गिऱ्हाईक झाला. १९२० मध्ये दारूबंदी आली. आपल्या मालिकेला जिचे नाव आहे ती तार या दारूबंदीतून निघाली. रॉय ओल्मस्टेड हा सिएटल पोलीस दलातला लेफ्टनंट. नोकरी गेल्यावर त्याने चोरट्या दारूचा भलामोठा व्यापार मांडला. केंद्र सरकारच्या माणसांनी त्याच्या घराबाहेर, रस्त्यावरच्या टेलिफोनच्या तारांना जोड देऊन महिनोन्‌महिने बोलणे टिपले. टंकलेखन करून त्याची ७७५ पाने भरली. ४ जून १९२८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की तार घराबाहेर आहे, तेव्हा ती ऐकणे म्हणजे घराची झडती नव्हे. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तीव्र मतभेद नोंदवला, पण पोलिसांचा कान तारेला चिकटला तो चिकटलाच. ज्याच्यावर हा पायंडा पडला तो आरोपी स्वतः पोलिसातला होता. एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ. वाटेच्या शेवटी त्याची आठवण होईल.

पडद्याने मात्र या धंद्याकडे पाठ फिरवली होती. हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत अमली पदार्थांचा व्यापार दाखवायलाच मनाई होती. १९५५ च्या अखेरीस ऑटो प्रेमिंजरने फ्रँक सिनात्राला हेरॉइनच्या विळख्यातला जुगारी करून 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' मंजुरीच्या शिक्क्याविना चित्रगृहांत लावला. चित्रपट चालला, आणि वर्षभरात ती मनाई सैल करावी लागली.

दूरचित्रवाणीवरच्या पोलिसाची कुळी त्याच्या थोडी आधी सुरू होते, आणि तिचा मूळ पुरुष म्हणजे जॅक वेब. १९४८ च्या 'ही वॉक्ड बाय नाइट' चित्रपटात या तरुण नटाला पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची किरकोळ भूमिका मिळाली. चित्रीकरणावर सल्लागार म्हणून आलेला लॉस एंजेलिसचा सार्जंट मार्टी विन त्याच्यापाशी कुरकुरला की सिनेमावाले पोलीस कधी खरे दाखवतच नाहीत. वेबने ते मनावर घेतले. तो विनच्या गाडीत बसून रात्री हिंडू लागला आणि पोलीस आपसात कसे बोलतात ते कानांत साठवू लागला. ३ जून १९४९ रोजी रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झाली आणि १९५१ च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर आली. सपाट आवाज, तारीख, वार, हवामान, बिल्ला क्रमांक ७१४. गोष्टी खऱ्या तपासांवरून घेतलेल्या, नावे तेवढी बदललेली. पोलिसांचे काम बहुतांशी कंटाळवाणे असते आणि त्या कंटाळ्यातही नाट्य असते, हा शोध वेबचा, आणि तो थोर शोध आहे असे मला वाटते. त्याची किंमतही त्याने मोजली. फायली पोलीस खात्याच्या, गाड्या खात्याच्या आणि संहितेवर नजरही खात्याची. मग खात्याला न आवडणारे काही पडद्यावर कुठून येणार? जानेवारी १९६७ मध्ये 'ड्रॅगनेट' रंगीत होऊन परतली. तिचा पहिलाच भाग एलएसडीवरचा होता आणि त्यात मालिकेचा नायक सार्जंट फ्रायडे तोंड रंगवलेल्या एका पोराला नीतीचे धडे देतो. १९८२ मध्ये वेब वारला तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी त्याला आपल्यातला समजून मानवंदना दिली आणि ७१४ हा बिल्ला कायमचा बाजूला ठेवला. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवरची 'एक शून्य शून्य' आठवणाऱ्यांना ही जवळीक ओळखीची वाटेल: तिथेही मालिकेचे नाव म्हणजे पोलिसांचा नंबरच.

इकडे तारेचा कायदा बदलत होता. चार्ल्स कॅट्झ नावाचा जुगारी लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून बेटिंगचे आकडे कळवत असे. एफबीआयने त्या खोक्याच्या टपावर ध्वनिग्राहक बसवला. डिसेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेडचा निकाल फिरवला: खोक्याचे दार लावून बोलणाऱ्या माणसाला आपले बोलणे खासगी राहील असे वाटण्याचा हक्क आहे. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने नियम घालून दिले. तार ऐकायची तर न्यायाधीशाचा हुकूम हवा. दुसरे उपाय करून थकलो हे दाखवायला हवे. हुकूम तीस दिवसांचा. आणि सर्वांत नवलाची अट अशी की गुन्ह्याशी संबंध नसलेले बोलणे सुरू झाले की ऐकणाऱ्याने कान काढून घ्यायचा. आई-मुलाचे बोलणे, प्रेमाचे बोलणे, उसनवारीचे रडगाणे, हे सगळे गैरलागू म्हणून नोंदवायचे आणि बटण बंद करायचे. ही अट आपल्या गोष्टीचा गाभा आहे असे माझे मत आहे, पण त्याकडे यथावकाश येऊ.

सत्तरचे दशक गडबडीचे. जून १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि त्याच वर्षी विल्यम फ्रीडकिनचा 'द फ्रेंच कनेक्शन' आला. न्यूयॉर्कच्या दोन खऱ्या पोलिसांनी पकडलेल्या हेरॉइनच्या साठ्याची ती गोष्ट. खरे वळण मात्र एका कृष्णधवल व्हिडिओपटाने दिले. ॲलन आणि सुझन रेमंड हे जोडपे हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन साउथ ब्राँक्समधल्या ४४ व्या पोलीस ठाण्याबरोबर हिंडले आणि १९७७ मध्ये 'द पोलीस टेप्स' दाखवला गेला. हलती चौकट, एकावर एक चढलेली बोलणी, अर्धवट सुटलेली भांडणे. स्टीव्हन बॉचको आणि मायकेल कोझोल यांनी ही हलती चौकट उचलली आणि १५ जानेवारी १९८१ रोजी 'हिल स्ट्रीट ब्लूज' आणली. एक नायक जाऊन आख्खे ठाणे आले. गोष्ट एका भागात संपेनाशी झाली. पाहणारे थोडे होते, तरी पहिल्याच पर्वाला आठ एमी पुरस्कार मिळाले. १९८४ च्या 'मायामी व्हाइस'बद्दल मी फार लिहिणार नाही. कोकेन, समुद्र, फिके कोट आणि भारी गाड्या. त्यात ऐकण्यासारखे होते ते संगीत. १९८९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर आलेल्या 'ट्रॅफिक'ने मात्र पाकिस्तानातल्या खसखशीच्या शेतापासून लंडनमधल्या सुईपर्यंत मालाची वाट मागोमाग धरली. एका मालिकेत एक पूर्ण बाजार मावतो हे तिने दाखवून दिले.

आता आपण बाल्टिमोरला परतू. डेव्हिड सायमन १९८२ मध्ये 'बाल्टिमोर सन' या दैनिकात रुजू झाला आणि त्याच्याकडे पोलिसांच्या बातम्या आल्या. १९८४ मध्ये शहरातला गर्दाचा एक बडा व्यापारी मेल्विन विल्यम्स पकडला गेला. त्याला अडकवण्यासाठी लावलेल्या तारेमागे होता खून पथकातला एड बर्न्स, व्हिएतनाममध्ये लढून आलेला, वाचनाचा नाद असलेला आणि वरिष्ठांना नकोसा. १९८७ च्या सुरुवातीला सायमनने विल्यम्सच्या साम्राज्यावर पाच लेखांची मालिका लिहिली आणि त्या निमित्ताने दोघांची गाठ पडली. त्याआधी, १९८५ च्या नाताळाच्या आदल्या रात्री, सायमन बातमीसाठी खून पथकाच्या कचेरीत बसला होता. तिथला एक जण सहज बोलून गेला की इथे वर्षभर काय चालते ते कोणी लिहून काढले तर पुस्तकच होईल. सायमनने ते बोल धरून ठेवले. १९८७ मध्ये दैनिकात संप झाला, मालकांवरून मन उडाले, आणि १९८८ चे पूर्ण वर्ष रजा टाकून तो त्या कचेरीत जाऊन बसला. त्या वर्षी शहरात २३४ खून झाले. भिंतीवर एक पांढरा फलक: मेलेल्याचे नाव लाल शाईत, उकल झाली की तेच नाव काळ्या शाईत. तांबड्याचे काळे करणे एवढाच धंदा. 'होमिसाइड: अ इयर ऑन द किलिंग स्ट्रीट्स' हे पुस्तक १९९१ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकन रहस्यलेखकांचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे नाव 'एडगर', ग्रीन स्ट्रीटच्या नाक्यावर पहुडलेल्या एडगरवरून ठेवलेले.

बाल्टिमोरचाच दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन याने पुस्तकाचे हक्क घेतले आणि ३१ जानेवारी १९९३ रोजी 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' एनबीसीवर सुरू झाली. फेल्स पॉइंटच्या धक्क्यावरची जुनी इमारत पोलीस कचेरी झाली आणि तो लाल-काळा फलक दूरचित्रवाणीवर आला. सात पर्वे, १२२ भाग. १९९५ मध्ये 'सन'ने कर्मचारी कमी करायला पैसे देऊ केले. सायमन ते घेऊन बाहेर पडला आणि या मालिकेत पटकथा लिहायला शिकला. इथे एक गमतीचा गुंता सांगतो. पुस्तकातला खरा पोलीस जे लँड्समन, त्याच्यावरून मालिकेत जॉन मंच हे पात्र घडले आणि ते रिचर्ड बेल्झरने केले. पुढे 'द वायर'मध्ये जे लँड्समन याच नावाचे पात्र आले, ते डिलेनी विल्यम्सने केले. खरा लँड्समन त्याच मालिकेत डेनिस मेलो नावाचा दुसराच पोलीस होऊन उभा राहिला. आणि पाचव्या पर्वात बेल्झर मंच म्हणूनच एका दारूच्या गुत्त्यात डोकावून जातो. मूळ आणि सोंग अशी चार तोंडे एका छपराखाली.

पण 'होमिसाइड' शेवटी पोलिसाच्या खांद्यावरूनच पाहत होती, जशी डिकन्सची रात्र. ती जागा सोडण्याचे धाडस फेएट आणि मनरोच्या नाक्यावर झाले. इंग्रजीतल्या 'कॉर्नर'ला मी मुद्दाम नाका म्हणतो. कोपरा म्हटला की एकांत येतो. नाक्यावर वर्दळ असते, हाकारे असतात, पाळी असते, उधारी असते. बर्न्सने वीसेक वर्षांची पोलिसातली नोकरी सोडली होती. १९९३ हे वर्ष शहराचे फार वाईट वर्ष. ३५३ खून झाले. दोघे तिथे बसून गर्दात बुडालेले आई-बाप आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा यांच्यामागे फिरले. १९९७ मध्ये 'द कॉर्नर' पुस्तक निघाले, २००० मध्ये एचबीओवर त्याची सहा भागांची मालिका झाली, दिग्दर्शक चार्ल्स डटन हाही बाल्टिमोरचाच. 'होमिसाइड' ठाण्यात बसून ऐकत होती आणि 'द कॉर्नर' नाक्यावर. दोन्हींच्या मध्ये तार जोडायची राहिली होती.

ती तार म्हणजे 'द वायर'. पहिल्याच प्रसंगात रस्त्यावर एक प्रेत पडले आहे आणि पायरीवर बसून पोलीस मॅकनल्टी साक्षीदाराशी बोलतो. मेलेला मुलगा दर शुक्रवारी फाशांचा डाव रंगात आला की डावावरचे पैसे उचलून पळत असे. मग त्याला खेळू का देत होता, असे विचारल्यावर साक्षीदार सांगतो की हा अमेरिका देश आहे, कोणाला ना कसे म्हणणार? ही घटना 'होमिसाइड' पुस्तकात आधीच आली होती, एका पोलिसाच्या तोंडून ऐकलेली. ती रस्त्यावरून पोलिसाकडे, पोलिसाकडून वहीत, वहीतून पुस्तकात आणि पुस्तकातून पडद्यावर आली. मालिकेचे शीर्षकगीतही असेच हात बदलत गेले. टॉम वेट्सचे एकच गाणे पाच पर्वांत पाच वेगवेगळ्या कंठांतून येते. चौथ्या पर्वात, जे शाळेचे आहे, ते बाल्टिमोरची शाळकरी मुलेच गातात.

तारेचे काम या मालिकेत किती बारकाईने दाखवले आहे ते एका प्रसंगातून पाहू. पश्चिम बाल्टिमोरच्या सरकारी चाळींच्या अंगणात नारिंगी सोफा टाकून पोरे धंदा चालवतात. मोबाइल बाळगायचे नाहीत. फक्त पेजर आणि सार्वजनिक फोन. (आपल्याकडे पेजर १९९५ च्या सुमारास आले आणि मोबाइलने त्यांना पाच-सात वर्षांतच गिळले, त्यामुळे नव्या वाचकाला तो कमरेचा डबा समजावून सांगावा लागतो.) पेजरवर उमटणारा नंबर खरा नसतो. प्रेझबलुस्की हा गोळीबारात बेभरवशाचा ठरलेला पोलीस फोनच्या बटणांकडे बघत बसतो आणि त्याला किल्ली सापडते: मधल्या पाचवरून उडी मारायची. एकचा नऊ, दोनचा आठ, तीनचा सात, चारचा सहा. पाच आणि शून्य एकमेकांच्या जागी. ४१० कळवायचे तर पेजरवर ६९५ उमटणार. नंबर कळला तरी तार लगेच ऐकता येत नाही. सार्वजनिक फोन कोणीही वापरतो, म्हणून संशयिताच्या हातात रिसीव्हर आहे हे समोरच्या गच्चीवरून कोणीतरी डोळ्यांनी पाहायचे आणि बिनतारी यंत्रावर कळवायचे, तेव्हाच खाली तळघरात बसलेल्याने ऐकायचे. कॅट्झचे खोके आणि १९६८ चा कायदा इथे जसेच्या तसे हजर आहेत. पुढच्या पर्वांत पोरे वापरून फेकायचे मोबाइल आणतात, मग घड्याळाच्या चित्रांची भाषा काढतात, आणि पोलीस दर वेळी एक पाऊल मागे.

आणि आता ती कान काढून घेण्याची अट. कायदा सांगतो की गैरलागू ते ऐकू नका. मालिका नेमके तेच ऐकते. पहिल्या पर्वात वॉलेस नावाचा सोळा वर्षांचा पोऱ्या पडक्या घरात राहतो, शेजारून ओढलेल्या वायरवर दिवा लावतो, आणि सकाळी आपल्याबरोबर निजलेल्या लहान मुलांना उठवून चिप्स आणि फळांच्या रसाचे खोके वाटून शाळेत पिटाळतो. पोलिसांच्या नोंदवहीत या सकाळीला जागा नाही. आरोपपत्रात तिचा उपयोग नाही. द्युपँ तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही आणि सार्जंट फ्रायडे एखादे व्याख्यान देऊन निघून जाईल. सायमन आणि बर्न्स यांनी आयुष्यभर कामापुरते ऐकून बाकीचे टाकून द्यायची सवय केली होती. टाकलेले सगळे त्यांनी या ६० भागांत परत आणले, असे मला वाटते.

म्हणूनच मालिका पर्वागणिक नाक्यापासून लांब जात राहिली. दुसऱ्या पर्वात ती गोदीवर गेली, कंटेनरांनी हातचे काम नेलेल्या माथाडी माणसांत. त्यात धान्याच्या धक्क्यावर सदनिका बांधायचा घाट घातला जातो; लोकस्ट पॉइंटचे धान्याचे कोठार पुढे खरोखरच निवासी मनोरा झाले. तिसऱ्यात बंच कोल्विन हा निवृत्तीला आलेला अधिकारी कोणाला न विचारता ओसाड गल्ल्यांत गर्दविक्रीला ॲमस्टरडॅमसारखी मुभा देतो आणि पोरे त्या शहराच्या नावाचे 'हॅमस्टरडॅम' करून टाकतात. हेही हवेतून आलेले नव्हते. १९८८ मध्ये बाल्टिमोरचे महापौर कर्ट श्मोक यांनी अमली पदार्थांकडे गुन्ह्याऐवजी आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे असे जाहीरपणे म्हटले होते आणि देशभरातून टीका ओढवून घेतली होती. त्या पर्वात श्मोक स्वतः आरोग्य आयुक्ताच्या भूमिकेत येतात. जुना आरोपी मेल्विन विल्यम्सही येतो, चर्चचा डीकन होऊन. ज्याच्या तारेने तो आत गेला त्या बर्न्सनेच लिहिलेल्या मालिकेत. चौथे पर्व शाळेचे. बर्न्सने पोलिसातून निघून तिथल्या शाळेत शिकवले होते, आणि ते पर्व मला सगळ्यांत वरचे वाटते. पाचवे वर्तमानपत्राचे, तिथे सायमनचा 'सन'वरचा राग लेखणीवर बसला आहे आणि पर्व त्याने थोडे कुरतडले आहे. मालिकेच्या डिकन्सशी होणाऱ्या तुलनेची त्यात यथेच्छ थट्टाही आहे.

एमी पुरस्कार मालिकेला एकही मिळाला नाही. फक्त दोन नामांकने, दोन्ही लेखनासाठी. पाहणारेही थोडे. ती हळूहळू पसरली, डीव्हीडीच्या डब्यांतून आणि २००९ मध्ये बीबीसीवरून. हार्वर्डमध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी तिच्यावर अभ्यासक्रम चालवला. मार्च २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामांनी सायमनला व्हाइट हाउसमध्ये बोलावून तुरुंग आणि गर्द यांवर गप्पा मारल्या. पुढच्याच महिन्यात फ्रेडी ग्रे हा तरुण बाल्टिमोर पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन वारला आणि पश्चिम बाल्टिमोर पेटले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तार पुन्हा ऐकली गेली. शहराच्या ईशान्येकडच्या गर्दविक्रेत्यांचे फोन तपासकर्ते ऐकत होते, आणि त्या फोनवर त्यांना बाल्टिमोर पोलीस दलातल्याच एकाचा आवाज आला. तो बेकायदा शस्त्रे शोधण्यासाठी नेमलेल्या एका खास पथकातला होता, आणि ते पथक झडतीच्या नावाखाली लोकांना लुटत होते. १ मार्च २०१७ रोजी त्यातले सात जण पकडले गेले. 'सन'च्या जस्टिन फेंटनने त्यावर पुस्तक लिहिले, आणि सायमन आणि जॉर्ज पेलेकानोस यांनी २०२२ मध्ये त्याची सहा भागांची मालिका केली, 'वी ओन धिस सिटी'. तिच्यात खून पथकातल्या पोलिसाची भूमिका जेमी हेक्टरने केली. 'द वायर'मध्ये हाच नट मार्लो स्टॅनफील्ड होता, वेस्ट बाल्टिमोरचे नाके एकामागून एक गिळणारा. आणि लँड्समन झालेले डिलेनी विल्यम्स या खेपेला पोलीस आयुक्तांच्या खुर्चीत बसले आहेत.